बाबांच्या नावाच्या तीन डब्या

आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर कुणीतरी आणून दिलेला पेढ्यांचा बॉक्स उघडा होता. डॉक्टरांनी एक पेढा तोंडात टाकला आणि दुसऱ्या हाताने बाबांच्या छातीचा फोटो ट्यूबलाइटकडे धरला. एक्सरे बघायची दिव्याची पेटी त्यांच्या दवाखान्यात नव्हती. तिची गरजही नसावी, कारण फोटो बघायच्या आधीच त्यांचं निदान ठरलेलं असायचं.

"डाग आहे," पेढा गिळून ते म्हणाले. "टीबी. घाबरू नका, आता चांगल्या गोळ्या निघाल्यात."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही बदलापूरला बेलवलीत दोन खोल्यांत राहायचो. बाबा, बाबांची धाकटी बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. मी दहावीत असताना आई गेली, तेव्हापासून घर आत्याच्या ताब्यात होतं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांचा खोकला चार महिने हटत नव्हता आणि त्यातले तीन महिने याच डॉक्टरांनी लाल सिरपच्या बाटल्यांवर काढले होते. फोटो काढायचं त्यांना सुचलं तेही बाबांनी स्वतः विषय काढला म्हणून.

"दुसरं काही नसेल ना डॉक्टर?" बाबांनी विचारलं.

"बिडी ओढता?"

"ओढायचो. बारा वर्षं झाली सोडून."

"मग झालं तर! तो विषयच संपला."

विषय संपला. चौदाव्या वर्षापासून ओढलेल्या बिड्यांचा हिशेब या गृहस्थांनी एका वाक्यात मिटवला आणि दुसरा पेढा उचलला. आपल्याकडे त्या काळी छातीत डाग दिसला की टीबी समजायचे, आणि दहातल्या सात-आठ वेळा तो टीबीच निघायचा, हे मला मान्य आहे. पण समजणं वेगळं आणि तपासणं वेगळं. बेडका तपासायला पाठवा एवढं लिहायलासुद्धा त्यांचं पेन उघडलं नाही. गोळ्या मात्र भरपूर लिहिल्या. त्यातल्या एका कॅप्सूलने लघवी लाल व्हायची. बाबा घाबरले, तर आत्या म्हणाली, "चांगलंय की दादा, आतलं विष बाहेर पडतंय." हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. वैद्यकशास्त्रात दोघांची पायरी एकच होती, फरक फक्त दारावरच्या पाटीचा.

दोन महिने गोळ्या खाऊन बाबांचं वजन घटलं आणि बेडक्यात रक्ताची रेघ दिसायला लागली. कारखान्यातल्या एका फिटरने त्यांना उल्हासनगरच्या एका छातीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मी बाबांसोबत गेले. डॉक्टर तरुण होते, दवाखाना कॅम्प तीनमध्ये कापडाच्या दुकानांच्या वर होता, आणि त्यांच्याकडे दिव्याची पेटी होती. त्यांनी फोटो पेटीवर लावला आणि डागाच्या कडेकडेने पेनचं टोक फिरवलं. मग विचारलं, "काम काय करता?"

"बॉयलरवर आहे."

"पाइपांना ते पांढरं गुंडाळतात, ते कोण करतं?"

"आम्हीच की. हातानेच."

"किती वर्षं?"

"वीस-एकवीस."

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. ते पांढरं म्हणजे अॅस्बेस्टॉस, आणि त्याच्या धुळीनेही फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे मला फार नंतर कळलं. त्यांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. सलग तीन सकाळी, चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका डबीत घेऊन लॅबमध्ये द्यायचा. "जंतू बघू आणि पेशीही बघू," ते म्हणाले. पेशी कशाला, असं मी विचारलं. "बघू या ना," म्हणून ते हसले. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे, पण तो शब्द त्यांनाही उच्चारवला नाही. त्या काळच्या सगळ्याच डॉक्टरांना ही खोड होती. पेशंटला कळू नये म्हणून कागदावर कसली कसली गोलमाल इंग्रजी लिहायचे, आणि ती इतकी यशस्वी व्हायची की पेशंट मरेपर्यंत घरच्यांनाही काही कळत नसे. त्यांनी त्या दिवशी माझ्यासमोर कॅन्सर हा शब्द काढला असता तर पुढचं मी केलं नसतं, असं मला वाटायचं. आता तेही वाटत नाही.

कारण त्याच आठवड्यात माझं लग्न ठरत होतं.

मुलगा पाणीखात्यात, जांभूळ गावच्या पाणीपुरवठ्यावर नोकरीला, कायम. घर खरवईला, नवीन बिल्डिंगमध्ये, ब्लॉक स्वतःचा. दिसायला बरा, बोलायला मऊ. मला तो आवडला होता, आणि आत्याच्या घरातून बाहेर पडायचीही मला घाई झाली होती. लपवण्यात अर्थ नाही. मुलाकडचा कारभार मुलाचे मामा बघायचे. हे मामा कुठल्याशा सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि लग्नाची बोलणी पाण्याच्या टाकीच्या तक्रारीसारखी हाताळायचे. आमच्याकडे चहा घेताना त्यांची नजर खिडकीतल्या गोळ्यांच्या पाकिटांवर गेली.

"टीबी आहे म्हणे तुमच्याकडे," ते बाबांसमोरच आत्याला म्हणाले. "हे बघा, टेन्शन नका घेऊ. आमचं काही म्हणणं नाही. पण उद्या चार लोकांत गोष्ट निघते. बेडक्याचा रिपोर्ट असतो ना, तीन दिवसांचा, तो क्लियर आणून दाखवा. मग आपलं पक्कं."

रिपोर्ट तीन दिवसांचा असतो हे या माणसाला कसं माहीत, असा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सासरच्या माळ्यावर मला एक पेटी सापडली. तिच्यात सासूबाईंच्या छातीचे फोटो होते, चार, तारखेवार लावलेले. मामांच्या सख्ख्या बहिणीचे. असली मंडळी आमची परीक्षा घ्यायला आली होती.

मामा गेल्यावर आत्या माझ्याजवळ येऊन बसली. "चिठ्ठी आलीच आहे डॉक्टरची," ती म्हणाली. "लॅबवाल्याला काय कळतंय डबी कुणाची? नाव दादाचं लिहायचं. खोकायचं तू."

"आणि बाबांचं काय?"

"त्याच्या गोळ्या चालूच आहेत की! टीबी आहे ते आपल्याला माहीतच आहे. परत ते कशाला तपासायचं?"

आत्याचं गणित एवढं साधं होतं. आजार माहीत आहे, औषध चालू आहे, मग रिपोर्ट उरला फक्त पाहुण्यांना दाखवायला. आमच्या भागात तेव्हा हे बऱ्याच घरांत चालायचं. लग्नासाठी वय कमी सांगायचे, चष्मा काढून फोटो काढायचे, तसाच बेडकाही दुसऱ्याचा द्यायचे. कुणाला त्यात पाप वाटत नसे. आत्या सहावी शिकलेली होती, तिला मी काय बोल लावू? मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. चिठ्ठीवरची दुसरी ओळ, पेशींची, मी वाचली होती. तिचा अर्थ मला कळला होता की नाही, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतेय, आणि दर वेळी उत्तर सोयीचं येतं.

सकाळी बाबा मोरीत खोकायचे. भिंतीपलीकडून तो आवाज ऐकवत नसे. डबीत बेडका घेऊन, झाकण लावून, डबी मोरीच्या कट्ट्यावर ठेवून ते अंगणात तोंड धुवायला जायचे. आत्या डबी रिकामी करून, गरम पाण्याने विसळून, पुसून माझ्या हातात द्यायची. मी खोकायचे. येणार काय, थुंकीच. तीन सकाळी तीन डब्या, प्रत्येकीवर बाबांचं नाव माझ्याच अक्षरात. कॉलेजला जाताना त्या मी स्वतः उल्हासनगरला नेऊन दिल्या.

लॅबच्या काउंटरवरच्या माणसाने पहिल्या दिवशी विचारलं, "बेटी, थूक नहीं चाहिए हां, बलगम चाहिए. सुबह का है ना?"

"सुबह का-च है," मी म्हटलं. त्याने झाकण न उघडता डबी ट्रेमध्ये ठेवली.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला. जंतू नाहीत. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. तिन्ही दिवस तेच. आत्याने स्टेशनजवळ त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि एक प्रत मामांच्या हातात दिली. मामांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली, त्यातलं एक अक्षर न कळता, आणि म्हणाले, "बास. क्लियर आहे."

उल्हासनगरच्या डॉक्टरांना मात्र चैन पडेना. ते एकदा रिपोर्टकडे बघायचे, एकदा फोटोकडे. "हा फोटो बघून मला हे पटत नाही," ते म्हणाले. "बेडक्यात नाही आलं म्हणजे नाहीच, असं नसतं. मुंबईला चिठ्ठी देतो. दुर्बीण घालून आतला तुकडा काढतील."

घरी ही गोष्ट निघाली तेव्हा आत्या उसळली. "रिपोर्ट चांगला आला तरी दुर्बीण? धंदा आहे यांचा!" आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तिला दुजोरा दिला. आपला पेशंट दुसऱ्याकडे गेल्याचा राग त्यांना होताच. म्हणाले, "स्पेशालिस्टला कुठे काही नॉर्मल दिसतं का? जंतू नाहीत म्हणजे माझ्या गोळ्या लागू पडल्या." जो रिपोर्ट त्यांनी कधी मागितला नव्हता, त्याचं श्रेय घ्यायला ते पुढे होते. आणि तो रिपोर्ट माझ्या थुंकीचा होता. मी तिथेच उभी होते.

बाबा म्हणाले, "लग्न उरकू दे. मग बघू दुर्बीण."

लग्न उरकायला पाच महिने गेले. हॉल मिळत नव्हता, मग मामांच्या सोसायटीत कसलासा तंटा होता, मग मुलाच्या बहिणीची परीक्षा. लग्नात बुद्धवंदनेचं त्रिशरण म्हणताना बाबांचा आवाज फुटेना. ओठ हलत होते आणि घशातून नुसती फुसफुस येत होती. केटररवर ओरडून बसला असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाबाही हसले. बसलेला तो आवाज नंतर परत आलाच नाही.

आवाजाची एक नस डाव्या बाजूने छातीत उतरते आणि वळसा घालून पुन्हा गळ्याकडे चढते. छातीतल्या गाठीने ती धरली की आवाज बसतो. हे मला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कळलं, लग्नानंतर तीन आठवड्यांनी. तिथे त्यांनी दुर्बीण घातली, डाव्या मोठ्या श्वासनलिकेच्या तोंडाशीच गाठ दिसली, तिचा तांदळाएवढा तुकडा काढला आणि आठवड्याने या म्हणाले.

त्या आठवड्यात बेलवलीत झाडून सगळे डॉक्टर झाले. बिडीनेच झालं, असं बिडी ओढत सांगणारे शेजारी. एकाने सांगितलं की हवा लागली की कॅन्सर पसरतो, म्हणून तुकडा काढायलाच नको होता. मामांनी निरोप पाठवला की ही गोष्ट खरवईत कुणाला कळू देऊ नका. या सगळ्यांना मिळून एकच शब्द माहीत होता, कॅन्सर, आणि तोही कुजबुजून. कुठला, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. त्यांच्या लेखी ताप म्हणजे ताप आणि कॅन्सर म्हणजे कॅन्सर.

आणि सगळं त्या कुठला-वर असतं. पुढे मी लॅबचा कोर्स केला आणि उल्हासनगरच्याच एका दुसऱ्या लॅबमध्ये आयुष्य काढलं. तुकडे मेणात बसवायचे, पापुद्र्यासारखे कापायचे, काचेवर घ्यायचे, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवायचे आणि डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली सरकवायचे. त्यांचं बघून झालं की मीही डोळा लावायचे. फुप्फुसाच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार चार. स्मॉल सेल म्हणजे बारीक, काळपट, मोहरी सांडल्यासारख्या पेशी. तो कळायच्या आधीच अंगभर गेलेला असतो, म्हणून त्यात सहसा कापाकापी करत नाहीत, इंजेक्शनं देतात. अडीनो बहुतेक वेळा फुप्फुसाच्या कडेला होतो, त्याच्या पेशी ग्रंथींसारखी गोल घरं करतात, आणि जन्मात बिडीला हात न लावलेल्या बायकांनाही तो गाठतो. स्क्वेमस मोठ्या नळ्यांच्या अस्तरात होतो, चपट्या पेशी, फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या, मधेमधे गुलाबी थर. यातल्या कशातच बसला नाही तर लार्ज सेल म्हणायचं, म्हणजे उरलंसुरलं सगळं त्या डब्यात. त्या काळी डॉक्टरांना खरं तर एकच जाणून घ्यायचं असे, स्मॉल आहे की नाही. नसेल आणि वेळेवर सापडला असेल, तर सुरी चालवता येते.

बाबांचा स्क्वेमस होता.

मोठ्या नळीत, वाटेवरच वाढतो म्हणून बेडक्यातून सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असलेला प्रकार हाच. त्याच्या पेशी खोकल्याबरोबर सुटून येतात. म्हणजे बाबा तीन सकाळी मोरीत जे खोकून काढत होते आणि आत्या जे गरम पाण्याने धुऊन टाकत होती, त्यात बहुधा उत्तर होतं.

आणखी एक गोष्ट मी लॅबमध्ये शिकले. बेडका खरोखर फुप्फुसातून आलाय का, हे काचेवर कळतं. त्यात धूळ गिळून काळ्या झालेल्या पेशी दिसाव्या लागतात. त्या नसतील तर ती नुसती लाळ, आणि मग नमुना अपुरा, पुन्हा पाठवा असं लिहायचं, हा नियम. वीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाच्या बेडक्यात त्या पेशी किती असत्या! माझ्या थुंकीत एकही नसणार. त्या लॅबमध्ये तीन दिवसांत एका माणसाने जरी मन लावून काचेत बघितलं असतं तर त्याला कळलं असतं की ही लाळ आहे आणि हा बॉयलरवाला नाही. पण तिथे रिपोर्ट आधीच टाइप केलेले असायचे, फक्त नाव भरायचं. त्या लॅबची मला किळस येते. पण माझा खोटेपणा तिने पकडला नाही म्हणून मी तिच्यावर चिडते, हे लक्षात आलं की ती किळस कुणाची, हे कळेनासं होतं.

आठवड्याने आम्ही मुंबईला गेलो. आत्या बाहेर बाकावर बसली, तिला आत यायचं नव्हतं. आत मी आणि बाबा. सर्जन वयस्कर होते, मराठी बोलायचे, घाईत होते पण उद्धट नव्हते. त्यांनी फाइल चाळली. तुकड्याचा रिपोर्ट, सीटी स्कॅन, जुना फोटो. जुना फोटो त्यांनी पेटीवर लावला.

"हा फोटो आठ महिन्यांपूर्वीचा?" ते म्हणाले. "तेव्हा आला असतात तर मी डावं फुप्फुस काढायचा विचार केला असता. आता ती आवाजाची नस गेली, गाठ मध्यावर सरकलीय. आता किरणांचा शेक देऊ. त्याने बरं वाटेल."

बरं वाटेल आणि बरं होईल यातला फरक बाबांना कळला. त्यांनी मान हलवली.

मग डॉक्टरांच्या हाताला बेडक्याचा तो रिपोर्ट लागला. तीन ओळींचा. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"इतकी मोठी गाठ, अशा जागी, आणि बेडक्यात एकदाही काही नाही? तीनदा दिला होतात ना? तुमचाच होता?"

मी टेबलाच्या कडेला उभी होते. गळ्यात नवं मंगळसूत्र होतं. आता बोलायचं, हे मला माहीत होतं. बोलून बाबांचं फुप्फुस परत येणार नव्हतं, पण निदान खरं कागदावर गेलं असतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, क्षणभर. तेवढ्यात मला कळलं की त्यांना माहीत होतं. पहिल्या सकाळपासून. अंगणातून मोरी दिसायची.

"माझाच होता, साहेब," ते त्या फुसफुसत्या आवाजात म्हणाले. "मला खोल खोकताच यायचं नाही. नुसती थुंकीच दिली मी. चूक माझी आहे."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. मला ती उलट्या बाजूने वाचता आली. पेशंटने नमुना नीट दिला नाही, असं लिहिलं होतं, आणि खाली बाबांचं नाव होतं. बाबा त्यानंतर सात महिने जगले, आणि त्यातल्या एकाही दिवशी मी ती ओळ खोडायला तोंड उघडलं नाही.